आधी मला बसवा

मी एक जुनी रबरी बाहुली आहे. खेळण्यातली नाही, मित्रांनो. मला कुणी फ्रॉक घालत नाही की माझं लग्न लावत नाही. मी माणसाएवढी आहे आणि माझं अर्धं तोंड जळालंय. ते कसं जळालं हे सांगताना मला राग येतो. येऊ दे. रबराला राग येऊ नये असं कुठं आहे.

मला दादानं बनवलं. दादा सिनेमातल्या खोट्या गोष्टी करतो. खोटं रक्त, खोट्या जखमा, डोक्यावर फुटली तरी न लागणारी बाटली. त्याची बहीण हिरॉइनच्या जागी उड्या मारते, तिला सगळे ताई म्हणतात. माझा साचा तिच्याच अंगावरून घेतला. तोंडभर प्लास्टर थापलं, नाकात नळ्या खुपसल्या आणि दादा म्हणाला, "आता हसलीस तर बाहुलीला माकडाचं तोंड येईल."

ती हसलीच. म्हणून माझं तोंड डावीकडं जरा वाकडं आहे.

"बरं झालं," ताई म्हणाली. "निदान खरी कोण ते कळेल."

मग दादानं माझ्या हातापायांत वाळू भरली. ताईइतकं वजन होईपर्यंत भरत राहिला. कारण त्याचा एकच नियम होता. बाहुली आधी, माणूस नंतर. ताईला जे करायचं ते आधी मी करायचं. मी गच्चीवरून पडले, जिन्यावरून गडगडले, काचेतून आरपार गेले. मी धड राहिले तरच ताई जायची. माझा हात निखळला की दादा शिवत बसायचा आणि विचारायचा, "काय गं, फार लागलं का?" मला फार बरं वाटायचं. कामाची होते ना मी.

मग तो डायरेक्टर आला.

पाठलागाचा सिनेमा होता. बंद पडलेल्या दगडाच्या खाणीवर शूटिंग. इंजिन काढलेली गाडी उतारावरून सोडायची, मागं छोटी ज्वाळा लावायची, ताईनं अर्ध्या वाटेत दारातून बाहेर झेप घ्यायची आणि रिकामी गाडी कुंपण तोडून खाली पडल्यावर भडका. सगळं ठरलेलं होतं. दादा शेवटची तपासणी करायला गेला तर डिकीला नवं कुलूप आणि पेट्रोलचा घमघमाट.

"आत काय ठेवलंय?"

"डबे," डायरेक्टर म्हणाला. "तुझा भडका म्हणजे शेकोटी असते. लोकांना काय हात शेकायचेत का?"

"मग आधी बाहुली सोडू."

"गाडी एकच आहे, ती बाहुलीवर उडवू? आणि ऊन काय तुझ्यासाठी थांबणारे?"

"मग डबे काढा. नाहीतर माझी बहीण बसणार नाही."

"नको बसू दे. त्या तिकडं गर्दीच्या सीनसाठी पोरी आल्यात, त्यातली एखादी बसेल. विग घातला की सगळ्या सारख्याच." कुलपाची किल्ली त्यानं खिशात टाकली आणि तो खाली खाणीत, स्क्रीनसमोर जाऊन बसला.

सगळ्या सारख्याच म्हणे. त्या पोरींतल्या एकीलाही चालत्या गाडीतून उडी कशी मारतात ते माहीत नव्हतं. दादा आणि ताई निघून गेले असते तर त्यातली एखादी नक्की बसली असती.

दादानं ताईकडं पाहिलं. ताईनं माझ्याकडं.

तंबूत तिनं स्वतःचे कपडे मला चढवले. दादानं मला उचलून गाडीत बसवलं, पट्टा लावला, स्टिअरिंग बांधून टाकलं. गाडी ढकलायला सेटवरचे दोन कामगार उभे होते. त्यांनी माझं वाकडं तोंड पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं आणि गाडीला हात लावले.

खालून विचारणा झाली, "ताई रेडी?"

दादानं माझ्या मनगटाला बांधलेली बारीक दोरी ओढली. मी हात हलवला.

गाडी सुटली. मागची छोटी ज्वाळा पेटली आणि त्या छोट्या ज्वाळेनंच सगळी गाडी उडाली. ताई जिथं उडी मारणार होती ती जागा अजून लांब होती. पट्टा तुटला, मी दारासकट बाहेर फेकले गेले आणि खाली खाणीत, डायरेक्टरच्या खुर्चीसमोर पालथी पडले. पेटलेली.

तो जवळ आला नाही. माणूस जळतंय असं त्याला वाटत होतं, मित्रांनो, तरी तो जवळ आला नाही. पाणी आणा म्हणाला नाही. बाजूच्या माणसाला म्हणाला, "डब्यांचं कुणी बोलायचं नाही. पोरीनं उडीला उशीर केला. चूक तिची."

पाण्याची बादली घेऊन एकच जण धावत आलं. माझ्यावर बादली ओतून झाल्यावर ताई डायरेक्टरकडं वळली.

"उशीर झाला खरा, सर. मी अजून कपडेच बदलतेय."

कुणी हसलं नाही. दिवेवाल्यानं दिवे बंद केले. कॅमेरावाल्यानं कॅमेऱ्यावर झाकण घातलं. पोरी आपापल्या पिशव्या उचलून चालायला लागल्या. डायरेक्टर ओरडत राहिला, पण ऐकायला मी एकटीच उरले होते.

तरी सिनेमा लागला. माझ्या मरणावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, किती खरं वाटतं म्हणाले. डायरेक्टर आता दुसरा सिनेमा करतोय. म्हणून माझा राग जात नाही.

मित्रांनो, पडद्यावर कुणी पडलं, पेटलं की टाळ्या जरूर वाजवा. पण आधी एवढं विचारा, त्याच्या आधी कुणाला बसवलं होतं का? वस्तू पुन्हा शिवता येते. मला किती वेळा शिवलंय.

फक्त तोंड तेवढं शिवलं नाही. दादा नवा साचा काढणार होता, ताई म्हणाली राहू दे असंच. आता कुठंही काम असलं की ती मला सोबत नेते आणि पहिल्याच दिवशी डायरेक्टरच्या खुर्चीत बसवते. तो दचकतो. विचारतो, "ही कोण?"

ताई म्हणते, "ही मी."