घड्याळजीच्या गोळ्या कुठे जातात

ताईच्या हातांना बर्फाची इतकी सवय झाली होती की तिनं कप नुसता धरला तरी चहा आपणहून निवायचा. निदान तिची भावजय तरी शेजारणींना असं सांगायची. भावजयीच्या बोलण्यातलं निम्मं खरं असे. निम्मं कुठलं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

ताई रक्ताच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर उभं राहून पाय असे भरून येत की संध्याकाळी ते दुसऱ्या कुणाचे तरी चुकून घरी आणल्यासारखे वाटत. घरी धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भाऊ घड्याळजी. त्याच्या बोटांचे सांधे सुजून एवढे झाले होते की चिमटा हातात ठरत नव्हता, आणि दुकानातली घड्याळं ज्याच्या त्याच्या मर्जीनं वेळ दाखवत होती.

सांध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की अंगातल्या राखणदार पांढऱ्या पेशीच घरच्यांवर उलटल्यात. त्यांना शांत करायला गोळ्या. गोळ्या झाल्या, पण सूज जागची हलेना. मग एकदा डॉक्टरांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "घेता ना नक्की?" त्या 'नक्की'नं घराला आग लावली. भावजय त्याला गोळी देऊन तोंड उघडायला लावी आणि जिभेखाली बोट फिरवी. खिडकीतल्या कुंडीतलं झाड तेवढ्यात जरा तरारलं, तर तिला वाटलं, गोळ्या जातात त्या इथंच.

ताईनं तिला समजावलं, की पेशीच्या कातड्यात प्रथिनांचे बारीक पंप असतात. आत आलेला परका माल उचलून बाहेर फेकायचा, एवढंच त्यांचं काम. ते नसते तर पोटात गेलेला प्रत्येक वाईट कण पेशीत मुक्काम ठोकून बसला असता. पण पंपाला विष आणि औषध यांतलं काही कळत नाही. काहींच्या पांढऱ्या पेशींत तो जरा जास्तच कामसू असतो. औषध दारातून आत येतं आणि टेकायच्या आत बाहेर पडतं.

"वन्सं, भावाला वाचवायला तुम्ही आता पेशींवर आळ घेताय," भावजय म्हणाली.

अखेर ठरलं ते असं: पंप जास्त निघाला तर ती नवऱ्याची माफी मागणार, नाही निघाला तर बॅग घेऊन बहिणीकडे जाणार. दुखण्याचं करायला तिची ना नव्हती, पण खोटं बोलणाऱ्याचं करून ती थकली होती.

ताईनं भावाचं रक्त घेतलं. पेशींना चमकणारा रंग पाजला, धुतलं, पंपांना रंग फेकायला उबेत वेळ दिला आणि मग त्यांचा हात थांबावा म्हणून नळ्या बर्फात रोवल्या. मशीन एकेक पेशी तपासून तिच्यात किती रंग उरला ते सांगतं. शेजारी नेहमीसारखा एका निरोगी माणसाचा नमुना होता. दोन्ही आलेख एकावर एक बसले. म्हणजे भावाचा पंप चारचौघांसारखाच.

घरी येऊन ताईनं चप्पलसुद्धा न काढता ते सांगून टाकलं. भावजयीनं माळ्यावरची बॅग उतरवली. भाऊ बोटांकडे बघत राहिला.

"ताई, तूसुद्धा?" एवढंच म्हणाला.

सकाळी तिनं आलेख प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना दाखवला. मॅडम बराच वेळ बघत होत्या.

"निरोगी नमुना कुणाचा?"

"नेहमीचाच."

"नेहमीचा म्हणजे?"

म्हणजे असं, की बरोबर काम करणाऱ्यांकडे रक्त मागितलं की एकाला घेरी येई, दुसऱ्याला जेवण व्हायचं असे, तिसरा जिन्यावरूनच परत फिरे. विनवण्या करून कंटाळल्यावर ताईनं स्वतःचीच बाही वर करायला सुरुवात केली होती. ती निरोगी होती, रोज हजर होती. वर्षानुवर्षं सगळ्यांचं रक्त तिच्या रक्ताशी ताडून बघितलं जात होतं.

मॅडमनी चष्मा काढला. "अहो, पण हा तुमचा सख्खा भाऊ ना?"

ताई स्टुलावर बसली.

भावजय बस स्टँडवर होती. फोन लावल्यावर ती बॅगेसकट प्रयोगशाळेत आली आणि तोंड फिरवून तिनं हात पुढे केला. मॅडमनीही स्वतःचं रक्त दिलं. दुपारी मशीननं सांगितलं: त्या दोघींच्या पेशी दिवे लावल्यासारख्या उजळलेल्या, आणि बहीणभावाच्या वीज तोडलेल्या घरासारख्या काळ्या. एकाच आईचे पंप. रंग काय, काहीच टिकू देत नव्हते.

या पंपाला न ओळखू येणारं औषध देता येईल का, ते डॉक्टरांना विचारू, असं मॅडम म्हणाल्या. मग ताईची नजर टाळत म्हणाल्या, "आणि मागचं सगळं…"

"हो," ताई म्हणाली. मागचं सगळं पुन्हा करायचं होतं. तिच्या पायांना ते तिच्या आधी कळलं होतं.

संध्याकाळी भावजयीनं बॅग परत माळ्यावर चढवली. एकटीनंच, धापा टाकत. माफीबिफी तिला तोंडानं मागता येत नसे. डॉक्टरांची नवी चिठ्ठी येईपर्यंत जुनीच गोळी चालू ठेवायची होती. ती तिनं नवऱ्याच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला आणि पाठ करून खिडकीपाशी गेली.

घड्याळजीनं गोळी गिळली आणि सवयीनं "आ" करून वाट बघत बसला.

काचेत तिला तो दिसत होता. "पुरे," ती म्हणाली. "मिटा आता तोंड."

मग तिनं ताईचा कप उचलून बघितला आणि चहा पुन्हा गरम करायला आत नेला. खुर्चीतच ताईचा डोळा लागला होता.