सव्वा तासाचा पाहुणा

"सर, विमान सव्वा तासाचं, मंग तुम्हाले यायले तीन काऊन वाजले?"

प्रश्न शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा, दीपमालाचा, तोंड माझं. "विचारून दाखव बे," ती कानात म्हणाली होती, "नाही तर कबूल कर, तू फक्त घरातलीच वाघीण." दुसऱ्या बाजूच्या गार्गीनं वरून कोपर मारलं. मग मी उठलेच, सगळ्या शाळेसमोर.

हे गंधार सर पुण्यात अकॅडमी चालवतात, अकरावी-बारावीची, राहायच्या सोयीसकट. स्वतः गणित शिकवतात म्हणे. पिंपळगाव राजात पोरं गोळा करायला आले, तर गावानं सत्कार ठेवला. का? तर विमानानं येणार म्हणून! फ्लेक्सवर त्यांच्या तोंडापेक्षा विमान मोठं.

पुण्याहून सकाळी सातला उडणार, नागपूरला सव्वाआठला उतरणार, एवढं ऐकून हेडसरांनी कार्यक्रम नऊचा लावला. नागपूर ते पिंपळगाव हे तीनशे किलोमीटर कोणी मोजलेच नाहीत. समितीत माझे बाबाही होते. मी आदल्या दिवशीच म्हटलं, "बाबा, नागपूरहून गाडीनं सहा तास लागतात."

"तू गप बस. विमानाचं तुले काय समजते?"

यांचा विमानाशी संबंध एवढाच, की ते वावरावरून गेलं की मान वर करायची.

तर आम्ही नऊपासून सतरंजीवर. औक्षणाचं निरांजन तीनदा विझलं, हारातल्या शेवंतीनं माना टाकल्या. अकराला फोन, पाहुणे कारंज्याला. एकला फोन, पाहुणे अकोल्यात जेवून राह्यले. तीनला पाहुणे उगवले, आणि आल्या आल्या माइक धरून म्हणतात कसे, "पालकांनो, पुणे लांब नाही. हवेतून सहाशे किलोमीटर, फक्त सव्वा तास! मुलीची आठवण आली, की बसा विमानात."

समोर आई बसली होती. मला पुण्याला पाठवायला तिचा विरोध होता तो अंतरामुळेच. पोरीला ताप आला तर पोचायचं कसं? सव्वा तास ऐकून तिचा चेहरा सैल पडला. बाबांच्या खिशात तर माझा फॉर्म भरून तयार. दीपमालाचं डिवचणं निमित्त, मी उठले ती म्हणूनच.

सर हसले. "बेटा, प्रवास सव्वा तासाचाच. बाकी तुमच्या रस्त्यांचं पाप."

"मंग घरून किती वाजता निघाले?"

"पहाटे चारला," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

अकरा तास! ट्रॅव्हल्सवाला पुण्याहून दहा तासांत आणून सोडतो, वर चहाला थांबवतो.

"बस खाली वं! पाहुण्याचा अपमान करून राह्यली!" हेडसर ओरडले. आणि लोकांनी काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या. सहा तास ताटकळून, सरांसाठी. मला त्या टाळ्यांचीच जास्त कीव आली.

घरी पोचताच बाबा सुरू झाले, "गावात नाक कापलं तू."

आई मात्र चूल सोडून दारात आली. "खरंच अकरा तास लागले त्याईले?"

"हाव आई, अन् ऐका दोघंही. मी त्या अकॅडमीत जाणार नाही. चारला निघून तीनला पोचते अन् सव्वा तास सांगते, त्या माणसापाशी मी गणित शिकू? फॉर्म फाडा. मी अकरावी खामगावलेच करणार. एसटीनं एक तास, अन् तो आपल्या दारापासून मोजलेला."