कच्च्या वाटेवरची हिरवी जीप

मित्रांनो, अंगावरचा चिखल धुतला की मी हिरवी दिसते. मी एक जुनी जीप आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या कारखान्यात घडले, मग एका शेतकऱ्याकडे वर्षानुवर्षे मेंढ्यांचा चारा वाहिला आणि शेवटी त्याच्याच कुंपणाशी गंजत पडले. तिथून लेस्टरच्या रचनाने मला घरी आणले, ते तिच्या वडिलांसाठी. त्यांना, म्हणजे शशिधर आजोबांना, काठी घेऊनही दहा पावलांपुढे चालवत नाही. डर्बीशरच्या डोंगरात एक कच्ची सार्वजनिक वाट आहे, गाड्यांनाही मोकळी. तिच्यावरून मी त्यांना माथ्यावर नेते. वर पोचलो की ते काच खाली करतात आणि तोंडावर वारा घेतात.

गेल्या हिवाळ्यात तिथल्या फाटकावर नोटीस लागली. ही वाट गाड्यांना बंद करायचा कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाचा, विचार होता. खरे सांगते, दोष आमचाच. भर पावसात आमच्यातल्या काही गाड्यांनी वाट सोडून गवतात चाके घातली आणि खोल चर पाडले. त्या चरांत चालणाऱ्यांचे पाय घोट्यापर्यंत रुतत. त्यांतला एक चर माझाही होता.

नोटिशीनंतरच्या शनिवारी रचनाने माझ्यात फावडी आणि खडी भरली. तिची सात वर्षांची अन्वी मागून ओरडली, "आजोबा, आपण वाट लावायला चाललोय!"

"अगं, ती लावून झाली! म्हणून तर नोटीस आली," आजोबा खो-खो हसले.

"वाट लावायची नाही गं, नीट करायची," रचना म्हणाली.

"सेमच ना, मम्मा?"

त्या दिवशी मायलेकींनी चर बुजवले. आजोबांनी माझ्या सीटवर बसून कौन्सिलला लिहिले, 'चालणाऱ्यांची तक्रार खरी आहे. पण मला चालता येत नाही. वाट बंद झाली, तर माझा डोंगरच बंद होईल.'

वसंतात उत्तर आले. हिवाळ्यात बंद, उन्हाळ्यात खुली; एक वर्ष पाहू.

"बाबा, एकच वर्ष!" रचना हिरमुसली.

"माझ्या वयाला एक वर्ष म्हणजे लॉटरी गं."

मित्रांनो, वाट पायांची आहे, तशी चाकांचीही असू द्या. फक्त ती ओली असेल तेव्हा आम्हाला आवरा.

आता जून आहे, फाटक उघडे आहे. पण तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. आजोबा सकाळीच कोट घालून माझ्यात येऊन बसले. त्यांनी आभाळाकडे पाहिले, माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाले, "आज नको."

आम्ही दोघे अजून दारातच आहोत.