काठीच्या बुटाला लावलेलं तेल

मित्रांनो, मी एक जुना रबरी बूट आहे. पायातला नव्हे, काठीच्या टोकाचा. दुकानदार मला नुसतं 'काठीचं रबर' म्हणतो आणि मला त्याचा भारी राग येतो. काठीला एकच पाय असतो, त्या पायात मी असतो, मग मी बूट नाही तर काय? उंची माझी तुमच्या अंगठ्याएवढी. रंग काळा. तळाला तीन गोल वळ्या, एकीत एक. म्हणजे होत्या. आता त्यांतली एकही उरली नाही. त्या कुठे गेल्या, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका गरम साच्यात झाला. बाहेर आलो तेव्हा आम्ही शंभर भावंडं एका खोक्यात होतो. तिथे तपासणीला एक बाई बसायच्या. त्या प्रत्येकाला काचेवर दाबायच्या आणि पुढे ढकलून बघायच्या. जो घसरेल तो बाजूच्या बादलीत. माझी पाळी आली तेव्हा मी काचेला असा काही चिकटून बसलो की बाईंना मला उचलूनच घ्यावं लागलं. "हा हट्टी दिसतोय," असं म्हणून त्यांनी मला चांगल्या मालात टाकलं. माझं पहिलं कौतुक ते.

पुढे औषधाच्या दुकानात वर्षभर खिळ्याला लटकलो. शेजारी गरम पाण्याच्या पिशव्या. अंगावर धूळ. मग एके दिवशी एक घाईतला माणूस आला. वडिलांसाठी काठी हवी म्हणाला. काठीबरोबर मी त्या घरी गेलो.

ते वडील म्हणजे तेलमास्तर. खरं नाव काहीही असो, सगळी आळी त्यांना तेलमास्तरच म्हणायची. कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी यंत्रांना तेल दिलं होतं. लांब चोचीची तेलाची डबी हातात घेऊन ते यंत्रायंत्रांतून फिरायचे आणि कुठे जरा करकर ऐकू आली की तिथे दोन थेंब सोडायचे. घर्षण म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. लोखंडावर लोखंड घासलं की ते तापतं, झिजतं, विजेचा चट्टामट्टा करतं आणि एक दिवस यंत्र बंद पडतं, हे ते पाहुण्यांनाही ऐकवायचे. खोटं नव्हतंच ते. त्यांनी सांभाळलेली यंत्रं त्यांच्या बरोबरीने म्हातारी झाली, पण मध्येच कधी अडून बसली नाहीत.

घरीही तोच खाक्या. कपाटाचे खण एका बोटाने सरकायचे. खिडकीच्या कड्या लोण्यात बुडवल्यासारख्या फिरायच्या. पुढचं दार तर इतकं हलकं की नवा पाहुणा जोर लावून ढकलायचा आणि थेट बैठकीच्या मधोमध येऊन उभा राहायचा. आजी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या हसून म्हणायच्या की या घरात चोराचीसुद्धा सोय आहे.

आणि असा माणूस मी येण्याआधी न्हाणीघरात साबणाच्या पाण्यावरून घसरला होता. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की चाला, रोज चाला, पण आता पुन्हा पडलात तर अंथरुणातून उठणं कठीण आहे.

त्या दोघांचा एक नेम होता. रोज संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर जो बाक आहे, तिथे जाऊन बसायचं. काही खास बोलायचं नाही, नुसती येणारी जाणारी माणसं बघायची. मास्तर पडल्यापासून आजींनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायच्या. धडधडीत थाप! गुडघे ठणठणीत होते. नवऱ्याला एकटं सोडून बाकावर बसायला त्यांचं मन घेत नव्हतं, एवढंच. मास्तरांना हे कळत होतं आणि ते आतल्या आत कुढत होते. मी त्यांच्या हाताच्या पकडीवरून ओळखलं. स्वतःच्या पायांनी आजींना त्या बाकापर्यंत न्यायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मग आमची मेहनत सुरू झाली. दुपारी आजी जरा आडव्या झाल्या की आम्ही निघायचो. खाटेपासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून दारापर्यंत. मास्तर अंगाचा भार काठीवर टाकायचे, काठी तो माझ्यावर टाकायची आणि मी फरशीला घट्ट धरायचो. मित्रांनो, धरणं हेच माझं काम. तुम्ही चालता तेव्हा तुमचे तळवेही हेच करतात, तुम्हाला पत्ता नसतो एवढंच. घर्षण नसेल तर काडी पेटणार नाही, पेन्सिल कागदावर उमटणार नाही, बांधलेली नाडी सुटून जाईल, आणि फजितीचं तर विचारूच नका. पण हे फुकट होत नाही. प्रत्येक पावलाला माझा कणभर भाग फरशीवर राहायचा. आजी सकाळी लादी पुसताना त्या करड्या रेघा बघायच्या आणि न बोलता पुसून टाकायच्या.

माझी एक खोड होती. गुळगुळीत फरशीवर वळताना मी 'चुंईं' करून ओरडायचो. मास्तरांना तो आवाज सुईसारखा टोचायचा. त्यांच्या कानांना सवय कसली, तर बिनआवाजी यंत्रांची! शिवाय आजींची झोपमोड होईल ही काळजी. रात्री चारदा उठून त्याच त्यांना आधार द्यायच्या, झोप मिळायची ती दुपारचीच. म्हणून एका दुपारी मास्तर पलंगावर बसले, काठी उलटी केली, उशाशी ठेवलेली ती चोचीची डबी काढली आणि मायेने, अगदी मायेने, माझ्या तळाला तेल चोळलं. वळ्यांच्या खाचांतही बोट घालून. मी काय ओरडणार? माझं ओरडणं बंद करायलाच तर ते तेल होतं.

तीन पावलं बरी गेली. चौथ्याला मी फरशीला धरायला गेलो आणि हाताला काही लागेचना. मी सटकलो. काठी गेली. मास्तरांनी दाराची मूठ पकडली, तर ते दार! दुसऱ्या कुठल्याही घरातलं दार जरा कुरकुरलं असतं, अडलं असतं. हे मात्र न बोलता मास्तरांना घेऊन गर्रकन फिरलं आणि भिंतीवर आदळलं. नशीब की मागे भिंत होती. मास्तर दार आणि भिंतीच्या बेचक्यात अडकले, पडले नाहीत. काठी मात्र खणखणत खाली गेली.

आजी धावत आल्या. आधी त्यांनी मास्तरांना खुर्चीत बसवलं. मग काठी उचलली, माझ्या तळावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिल्या.

"हे काय लावलंत?"

"तेल. तुझी झोप मोडत होती आवाजाने."

आजी खाली फरशीवरच बसल्या. रागावल्या नाहीत. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अहो, तो आवाज येतो तोवरच मला झोप लागते. म्हणजे तुम्ही उभे आहात. आज आवाज थांबला आणि मला जाग आली."

मास्तरांनी काठी घेऊन माझा तळ बोटाने पुसला. मग स्वतःवरच चिडून म्हणाले, "यंत्राच्या पट्ट्यावर कधी तेलाचा थेंब पडू दिला नाही मी. पोरांना ओरडायचो. चाकाला तेल, पट्ट्याला राळ. पट्टा घसरला की सगळं यंत्र बंद पडतं. एवढं कळत होतं, आणि काठीलाच तेल लावलं."

बघा मित्रांनो, छत्तीस वर्षं त्यांनी दोन्ही कामं केली होती. फिरणाऱ्या भागांना तेल द्यायचं, आणि चाक फिरवणारा पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळेची पूड लावायची. म्हातारपणी लक्षात राहिली ती फक्त तेलाची डबी.

त्या संध्याकाळी मला साबणाच्या कोमट पाण्यात दोनदा धुतलं. मास्तरांनी स्वतः काचपेपर घेऊन माझा तळ खरखरीत केला. लागलं मला, पण बरंही वाटलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा चुंईं चुंईं करत घरभर फिरू लागलो आणि आजी शेजारच्या खोलीत घोरू लागल्या.

महिनाभराने जिन्याच्या अकरा पायऱ्या उतरलो. त्यानंतर नवव्या दिवशी बाक गाठला. रस्ता खडबडीत होता, फरशीवर महिन्यात झिजत नव्हतो तेवढा मी त्या एका फेरीत झिजलो. पण मास्तर बाकावर टेकले, शेजारी आजी टेकल्या, आणि दोघं येणारी जाणारी माणसं बघू लागले. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

थोड्या वेळाने आजींनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि माझा तळ अंगठ्याने चाचपला. "संपला बिचारा," त्या म्हणाल्या. "उद्या नवा आणू."

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण त्यांचं बरोबर होतं. गुळगुळीत झालेला बूट तेल लावलेल्या बुटाइतकाच घातकी. नवा आला, मला उतरवलं. आता मी दाराजवळच्या खुर्चीच्या एका पायात आहे. आजी तिच्यावर बसून चपला घालतात, तेव्हा खुर्ची सरकू नये एवढं बघतो.

मित्रांनो, एक काम कराल? आज घरातल्या किंवा शेजारच्या आजीआजोबांची काठी उलटी करून बघा. तळाला वळ्या दिसल्या नाहीत, तर लगेच सांगा, कुणी हसलं तरी सांगा. तुम्ही पडलात तर गुडघा फुटतो आणि तुम्ही उठून पुन्हा पळता. म्हातारं माणूस कधी एकटं पडत नाही. त्याच्याबरोबर घरातलं आणखी एक माणूस अंथरुणाशी अडकतं, आणि ते कुणाला सांगतही नाही.