आठ वाजताचं तापमान

"मॅडम, दोन हजार पाचला मुरबाडला काय झालं?" कुणालीने विचारलं.

फळ्यावरच्या आलेखात सकाळी आठचं तापमान बारा वर्षं गुमान आडवं चाललं होतं आणि तिथून शिडी लावल्यासारखं वर चढलं होतं. पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रात यंदा हवामानबदल आला होता. पुस्तकातली उदाहरणं परदेशातली, म्हणून नम्रता मॅडमनी प्रयोगशाळेचे शिपाई देवजीमामा यांच्या वह्या काढल्या. "रोज आठला तापमान लिही," असं शेखर सरांनी त्यांना त्र्याण्णव साली सांगितलं होतं. पुढे थांब म्हणायला विसरून सर निवृत्त झाले. देवजी एकतीस वर्षं लिहीत राहिले.

"हा आलेख आता दरवर्षी शिकवायचा. नाव, देवजीमामांचा आलेख," मॅडम म्हणाल्या.

महिन्याभरात निवृत्त होणाऱ्या देवजींना हे पुन्हा एकदा ऐकावंसं वाटलं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"मॅडम, पाचला जैतू गेला."

"कोण जैतू?"

"दूधवाला. त्याची सायकल फाटकात आली का आठ. सरांनी महिनाभर मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितलेलं. मिनिटाचा फरक नाय."

"आणि भिंतीवरचं घड्याळ?"

"त्याचा लंबक आपणच प्रयोगाला काढलाय ना. परत लावायचा राहिला."

वर्ग हसला. देवजी हसले नाहीत.

"मग जैतूचा पोरगा यायला लागला. झोपाळू. कधी साडेआठ, कधी नऊ. लगीन झाल्यावर साडेनऊ. मी आपला दूध आलं का आकडा लिवायचो."

"म्हणजे मुरबाड तापलं नाय, दूध लेट झालं?" कुणाली म्हणाली.

"दुनिया तापतेय ते खरं गो. पण माझ्या वहीतनं नाय कळायचं."

मॅडमनी खडू खाली ठेवला. "मामा, नसतं सांगितलं तरी कुणाला कळलं नसतं."

"सरांनी आठला सांगितलेलं."

पहिली बारा वर्षं ठेवायची ठरली. उरलेल्या एकोणिसांवर काट मारायला मॅडमचा हात धजेना.

"द्या इकडं. पट्टीची रेघ माझी सरळ येते," देवजी म्हणाले.

लाल पेन घेऊन ते बाकावर बसले. एका पानावर पिवळा डाग होता. लेकीच्या, सरिताच्या लग्नात मांडवातून उठून, हळदीच्या हातांनी त्या दिवशीचा आकडा लिहिला होता. त्यावरूनही रेघ गेली. शाई वाळेपर्यंत देवजी थांबले, मग त्यांनी पान उलटलं.