राणीचा पॉज

शेवटचा साधा दिवस तालमीच्या हॉलमध्ये गेला. बाबा नेहमीसारखे डाव्या विंगेत स्टुलावर, मांडीवर संहिता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ते आमच्या नाट्यसंस्थेचे प्रॉम्प्टर, वाक्य विसरलेल्याला विंगेतून आठवण देणारे. सगळे त्यांना कुजबुजकाका म्हणत. मी राणी होते. नवऱ्याला चिथावून घरी आलेल्या राजाचा खून करवणारी, आणि मग झोपेत चालत हात चोळत राहणारी.

बाबा कधी पूर्ण वाक्य देत नसत. फक्त पहिला शब्द. आणि नट मुद्दाम थांबलाय की अडलाय, हे खांद्यांवरून ओळखत. अडलेल्याचे खांदे वर चढतात म्हणे.

हात चोळता चोळता मी गप्प झाले. विंगेतून शब्द आला.

दिग्दर्शक उसळला. "अहो काका! ती विसरली नव्हती, पॉज घेत होती! इतका सुंदर पॉज, वाट लावलीत!"

"काकांना रिटायर करा आता," माझा नाटकातला नवरा म्हणाला. "उद्या मला खून करायचीही घाई करतील." सगळे हसले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी केसांतली पिन काढून पुन्हा लावली. मी साफ विसरले होते. पण माझ्या कामाला दिग्दर्शकाने 'सुंदर' म्हटल्याची ती पहिलीच वेळ होती.

जेवताना बाबा आईला म्हणाले, "आज चुकलो गं मी. नजर गेली बहुतेक. सोडावं म्हणतो."

"सोडा की. झोपेत दुसऱ्यांचे संवाद पुटपुटणं तरी थांबेल."

मी हसले आणि त्यांना भाजी वाढली. सकाळी आई चहा घेऊन उठवायला गेली, तेव्हा ते गेलेले होते.

प्रयोग ठरल्याप्रमाणे झाले. दिग्दर्शकाने तो पॉज कायम केला. मी थांबायचे, प्रेक्षागृहात कुणी खोकायचंही नाही. बायका आत येऊन विचारायच्या, हे आणता कुठून? सराव, मी सांगायचे. ते हात चोळणंही एव्हाना मला शिकवावं लागत नव्हतं.

बाबांसाठी संस्थेने शोकसभा ठेवली ती त्याच हॉलमध्ये. दिग्दर्शक मनापासून बोलला. शेवटी म्हणाला, "काका आयुष्यात एकदाच चुकले, आणि त्या चुकीमुळे आम्हाला हा पॉज सापडला. असे उपकार कोण करतं!"

लोक डोळे पुसत हसले. शेजारी आईही हसली. मग माझ्याकडे झुकून म्हणाली, "त्यांना फार लागलं होतं गं ते. दिवा मालवल्यावरही तेच बोलत होते, पोरीचा सीन घालवला म्हणून."

पुढचा वक्ता माइककडे निघाला होता. मी जागेवरच उभी राहिले.

"तो पॉज नव्हता," मी म्हणाले. आवाज मागपर्यंत पोचला. तेवढं मला येतं. "मी वाक्य विसरले होते. बाबा चुकले नव्हते."