अर्धी पट्टी

"चारच दिल्या, अण्णा? कातरीला लईच धार आली वाटतं!" ओट्यावर बसलेली भागाबाई म्हणाली.

"दोन दिसांत नात उड्या मारायली न्हाई तर मला सांग." भीमराजअण्णांनी दहा गोळ्यांची पट्टी कचकन कापून उरलेल्या सहा डब्यात टाकल्या. "ह्यात अजून दोन घरं बरी व्हतेत. कामून वाया घालवायच्या?"

सरकारी दवाखान्यात तीस वर्षं शिपाई राहिलेले अण्णा निवृत्तीनंतर कुशनूरचे डॉक्टरच झाले होते. त्यांची लेक मंगल, उदगीरच्या कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकवणारी, चहा घेऊन दारात उभी होती. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. इथे मात्र गप्प. ज्या उंबऱ्यावर एकेकाळी कोणी पाणी पीत नव्हतं, तिथे आता सगळं गाव औषधाला बसायचं. त्या उंबऱ्याचा मान तिच्याच्यानं मोडवत नव्हता.

अण्णांच्या टाचेत तुरीचं धसकट घुसून पंधरा दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत त्यांनी तीनदा चार-चार गोळ्या घेतल्या होत्या.

"अण्णा, उद्या बिदरला दाखवू."

"त्याला काय धाड भरलीय!" त्यांनी चहा बशीत ओतला.

सकाळी त्यांना हुडहुडी भरली. बिदरच्या दवाखान्यात टाचेचा काळेपणा पायभर वर चढत गेला. पाचव्या दिवशी तपासणीचा कागद आला. औषधांची सोळा नावं, आणि प्रत्येकापुढे एकच शेरा: लागू पडत नाही.

"काय लिवलंय, माय?" अण्णांनी विचारलं.

"औषध बदला म्हणायलेत," मंगल म्हणाली.

आठव्या दिवशी अण्णा गेले.

पुण्यानुमोदनाला गाव लोटलं. अण्णांच्या हाताला गुण होता, असं जो तो उठून बोलला. जेवणं झाल्यावर भागाबाई नातीला कडेवर घेऊन आली. पोर पुन्हा तापाने फणफणली होती.

"मंगल, डबा हाय न्हवं? चारच दे, बाई. तुझ्याबी हाताला गुण असंलच की."

मंगलने डबा उघडला. आत कापलेल्या पट्ट्या, वर कातर. तिने झाकण लावलं.

"न्हाई देत, मावशी. पोरीला औरादच्या डॉक्टरकडं नेऊ, चला."

"कामून गं? अण्णा तर कवा न्हाई म्हणले न्हाईत."

ओट्यावरच्या माणसांनी माना वळवल्या.

"अण्णा चुकत व्हते," मंगल म्हणाली. "आन् मला ठाव व्हतं."